सुसर आणि सासरे

"एकच शब्द म्हणायचाय तुम्हाला," धक्क्यावर नवऱ्याची कॉलर सारखी करत ती म्हणाली. "थांबा. एवढंच. मी म्हटलं की बाबांना वाटतं, पोरीची माया बोलतेय. जावयानं म्हटलं की त्याला वजन येतं."

"तू पण चल ना."

"मला नावेत मळमळतं. आणि मी असले की तुम्ही दोघं माझ्याशीच बोलता."

खोटं नव्हतं ते. जावई घड्याळजी. सासऱ्यांचा जन्म छापखान्यात, यंत्राशेजारी उभं राहून गेलेला. धडधडीनं त्यांचे कान नेले, टिकटिकीनं ह्याचा आवाज. सासूबाई गेल्यावर सासरे थोडे दिवस म्हणून लेकीकडे आले होते. आता त्यांची बॅग दाराशी भरून उभी होती. उद्या सकाळची गाडी. पुढे कुलूप लावलेलं घर, एक ताट, एक पेला आणि भिंती.

रोज दुपारी ते दुकानात येऊन स्टुलावर बसत. टिकटिक ऐकू येत नसे, म्हणून दुरुस्त झालेल्या घड्याळावर बोट टेकवत आणि डोळे मिटून म्हणत, "चालतंय." त्यांच्या त्या 'चालतंय'शिवाय घड्याळ गिऱ्हाइकाला द्यायला जावयाचं मन घेईना. पण हे सांगायचं कसं? घड्याळाचं पोट उघडणं सोपं, स्वतःचं अवघड.

फिरायला आलेल्यांना घेऊन नाव निघाली. सासऱ्यांनी कानातलं यंत्र काढून डबीत, डबी रुमालात आणि रुमाल खिशात ठेवला. "पाण्याचे शिंतोडे उडाले तर बिघडतं," ते म्हणाले. मोठ्यानं म्हणाले. काठावरचा बगळा दचकला.

नदी गढूळ, नदी संथ. दोन्ही अंगांनी खारफुटीची मुळं पाण्यात बोटं बुडवून बसलेली. खंड्यानं एक निळी रेघ मारली, पाणमांजरं डोकी वर काढून गेली. जावयानं घसा साफ केला. फांदीवरच्या माकडांनी माना वळवून त्याच्याकडे पाहिलं, तसा आलेला शब्द पुन्हा पोटात गेला.

मग नावाड्यानं इंजिन बंद केलं आणि चिखलाच्या बेटाकडे बोट दाखवलं. "हळू. ती बघा, सुसर!"

"काय म्हणाला तो?" सासऱ्यांनी विचारलं.

"सुसर," जावई नेहमीच्या आवाजात, म्हणजे जवळजवळ मनातच, म्हणाला.

"सासरे? सासरे इथं बसलेत! तिकडं काय दाखवतोय?"

बेटावर ओंडक्यासारखं काहीतरी पडलं होतं. सासऱ्यांना तो ओंडकाच वाटला.

"दिवसभर अशीच पडून असते का हो?" दुर्बीण लावलेल्या एका बाईंनी विचारलं.

"तर काय!" नावाडी म्हणाला. "आयतं पोटात गेलंय, कशाला हलेल? एकदा ठाण मांडलं की आठवडाभर हलायचं नाव नाही."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. बहिऱ्या कानाला मनात सलत असेल तेच आधी ऐकू येतं.

"मग आसपासच्या माणसांना त्रास?" बाई म्हणाल्या.

"होतो ना. पण तोंडावर बोलणार कोण? 'सुसरबाई, तुझी पाठ मऊ' म्हणायचं आणि दिवस काढायचे."

नावेतले सगळे हसले. सासरे मात्र उठून उभे राहिले. नाव एका अंगाला कलली. बाईंची दुर्बीण शेजारच्या माणसाच्या नाकावर आपटली.

"उद्याची गाडी तरी कशाला?" ते म्हणाले. आवाज एवढा मोठा, पण आतून फाटलेला. "मी इथंच उतरतो. जावईबापू, मनात होतं तर घरी सांगायचंत. परक्या माणसाकडून वदवून घेतलंत!"

"अहो, ते... सुसर..." जावई पुटपुटला.

"तेच तर ऐकतोय मघापासून!"

"आजोबा, खाली बसा! नाव उलटेल!" नावाडी ओरडला. पण सासऱ्यांनी एक पाय नावेच्या काठावर ठेवला आणि दुसरा त्या ओंडक्याच्या दिशेनं उचलला.

जावयाच्या पोटात कधीपासून अडकलेली घड्याळाची कमान सुटली.

"थांबा!"

खारफुटीतून बगळ्यांचा थवाच्या थवा उडाला. माकडं गप्प झाली. ओंडक्यानं तोंड मिटलं आणि तो सरसरत पाण्यात उतरला. सासऱ्यांचा पाय हवेतच राहिला. त्यांनी जिथं ओंडका होता तिथं पाहिलं, मग जावयाकडे पाहिलं, मग हळूच खाली बसले.

"काय म्हणालात?"

"थांबा," जावई म्हणाला. हातात अजून त्यांचा सदरा घट्ट धरलेला.

नाव परतली. धक्क्यावर लेक समोर आली, तेव्हा सासरे तिला म्हणाले, "घरी चल, बॅग उघड. माझा सदरा चुरगळतोय आत. ह्यांनी चारचौघांत थांबा म्हटलं, तेही ओरडून. त्यांचा शब्द मोडवत नाही मला."

तिनं नवऱ्याकडे इतक्या कौतुकानं पाहिलं, की त्याला खरं सांगायचं धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासरे दुकानात घड्याळावर बोट टेकवून स्टुलावर बसले होते. यंत्र कानात होतं. जावयाला रात्रभर ती गोष्ट टोचत होती. चिमट्यात चाक धरून, मान खाली घालून तो म्हणाला, "काल नावाडी सुसर म्हणत होता. सासरे नाही."

"ती पाण्यात शिरली तेव्हाच कळलं मला."

"मग मी थांबा म्हटलं ते... म्हणजे तेव्हा तुमचा पाय..."

सासऱ्यांनी घड्याळावरचं बोट काढलं आणि हात कानामागे नेला. नेमका यंत्र असलेल्या कानामागे.

"काय? ऐकू येत नाही. मोठ्यानं बोला."

त्यांचे डोळे ओले होते आणि ओठ हसू दाबत होते. जावयानं चिमटा खाली ठेवला. छाती भरून श्वास घेतला.

"थांबा!"

समोरच्या रस्त्यावरून जाणाऱ्या सायकलवाल्यानं करकचून ब्रेक दाबला आणि घाबरून विचारलं, "कोण, मी?"

"तुम्ही जा हो," सासरे म्हणाले आणि पुन्हा घड्याळावर बोट टेकवून त्यांनी डोळे मिटले. "चालतंय."