शिफारस करून नाही राहिलो

सोनिकाला गोंदियाच्या कॉलेजातून मुलाखतीचं बोलावणं आलं आणि तिने जेवता जेवताच घरात फर्मान काढलं.

"मामाजी, हे पहा, माझ्यासाठी कोणालेच फोन कराले लावू नका. नोकरी अर्धवेळ आहे, पण विषय बिझनेस एथिक्सचा आहे. म्हणजे धंद्यातली नीती. नीती शिकवाची नोकरी वशिल्यानं भेटली तं मी वर्गात तोंड कसं दाखवू?"

तिचे सासरे लखनलाल टेंभरे सौंदडचे धानाचे शेतकरी. आयुष्यात खोटं बोलले नव्हते आणि याचा त्यांना थोडा गर्वही होता. सुनेचं बोलणं त्यांना फार आवडलं. पण वरणभात संपेस्तोवर एक काळजी मनात शिरली. ते स्वतः फोन करणार नव्हते, पण गावाचं काय? सून एम. कॉम., नेट पास, गावातली पोरं तिच्याजवळ शिकलेली. मायेपोटी कोणी परस्पर फोन केला तर?

सकाळी सोनिका गोंदियाला निघाली आणि लखनलाल सायकल काढून गावभर मनाई करायला निघाले.

पहिला भेटला राईस मिलवाला सुखराम.

"सुखराम, प्राचार्याले फोन करू नको."

"कोणत्या प्राचार्याले?"

"गोंदियाच्या. कटरे साहेबाले. आज आमच्या सोनिकाची मुलाखत आहे. शिफारस नाही कराची."

"मी तं त्यायले ओळखत बी नाही, काका."

"मंग तं चांगलंच आहे," असं म्हणून लखनलाल पुढे गेले.

सुखराम विचारात पडला. म्हातारा माणूस एवढ्या उन्हात सायकल हाणत आला, म्हणजे गोष्ट गंभीर आहे. आपण शिफारस करत नाही आहोत हे त्या प्राचार्यांना कळायला नको का? त्याने चार ठिकाणी विचारून नंबर मिळवला. दुपारपर्यंत लखनलाल बचत गटात जाऊन आले, एस. टी. थांब्यावर जाऊन आले, आणि तो नंबरही त्यांच्या मागोमाग गावभर फिरला.

इकडे मुलाखत सुरू झाली होती. टेबलापलीकडे प्राचार्य कटरे आणि विद्यापीठाकडून आलेल्या तज्ज्ञ बाई. प्राचार्यांचा मोबाईल बिघडलेला. आवाज स्पीकरवरच यायचा. बंदही ठेवता येत नव्हता, कारण संस्थेच्या अध्यक्षांचा फोन केव्हाही येई.

"तर मिसेस टेंभरे, व्यवसायात पारदर्शकता म्हणजे..." बाईंनी सुरुवात केली आणि फोन वाजला.

"साहेब, मी सौंदडहून सुखराम बोलतो. ते सोनिका टेंभरे आहे नं, तिच्यासाठी मी शिफारस करून नाही राहिलो."

"मग फोन कायले केला भाऊ?"

"हेच सांगाले."

सोनिकाचे कान तापले. "सर, मला खरंच काही माहीत नाही," ती म्हणाली, तोच पुन्हा फोन वाजला. बचत गटाच्या शामकलाबाई होत्या.

"साहेब, आमच्या गटातल्या एकाही बाईचा तुमच्यावर दबाव नाही. सगळ्या इथंच बसल्या आहेत. बोला वं बायांनो!"

"दबाव नाही!" स्पीकरमधून कोरस आला. तज्ज्ञ बाईंनी पदर तोंडाला लावला.

मग अर्जुनी मोरगावच्या गाडीवरचा कंडक्टर टेकचंद. "साहेब, लवकर बोलतो, गाडी उभी करून राहिलो. सोनिकाताईसाठी माझा शब्द नाही. पॅसेंजरचाही नाही. विचारू का एकेकाले?"

"नको, नको! गाडी सोडा!" प्राचार्य ओरडले.

एवढ्यात शिपाई आत आला. "सर, बाहेरचा दुसरा उमेदवार चालला गेला. म्हणे, या मॅडमच्या मागं अख्खा तालुका आहे, आपला काय निभाव लागणार."

प्राचार्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "चला, प्रश्नच मिटला. पद तुमचं, मॅडम."

वर्षानुवर्षं सोनिकाने हेच वाक्य ऐकण्याची वाट पाहिली होती. क्षणभर ती खुर्चीला घट्ट चिकटून बसली. मग उठली, म्हणाली, "असं नाही घेता येणार, सर," आणि साडी सावरत फाटकाकडे धावत सुटली.

हिमांशू नावाचा तो उमेदवार ऑटोत बसतच होता. तिला धावत येताना पाहून त्याचा चेहरा पांढरा पडला.

"ताई, मैं तो जा रहा हूँ! तुमच्या लोकांना सांगा, मी नाव मागं घेतलं!"

"खाली उतरा! तुम्हाला मुलाखत द्यावीच लागेल!"

"धमकी काऊन देऊन राहिल्या?"

"धमकी नाही हो, विनंती आहे!" तिने त्याची बॅग धरून ओढली. ऑटोवाल्याने भांडण समजून त्याला स्वतःच खाली उतरवलं.

दोघंही धापा टाकत आत आली. बाईंनी दोघांना एकच प्रश्न विचारला. माहिती देणं आणि शिफारस करणं, यांत फरक काय?

हिमांशूने पुस्तकातलं उत्तर मुद्देसूद दिलं. सोनिका म्हणाली, "मॅडम, काल रात्रीपर्यंत मला नक्की सांगता आलं असतं. आता मुलांबरोबरच शिकावं लागेल."

बाई मनापासून हसल्या. "दुसऱ्याला ओढून आणणारा उमेदवार मी पहिल्यांदाच पाहिला," म्हणत त्यांनी सोनिकाच्या नावावर सही केली. हिमांशूने सर्वांत आधी टाळी वाजवली. तो अजून थोडा घाबरलेलाच होता.

तेवढ्यात मिळेल ती गाडी पकडून खुद्द लखनलाल हजर झाले. "साहेब, मी सोनिकाचा सासरा. आमच्या गावातून कोणाचा फोन तं नाही आला? मी सगळ्यायले मनाई करून आलो."

प्राचार्यांनी त्यांच्याकडे आदराने पाहिलं. मग हात धरून व्हरांड्यात नेलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "भाऊ, माझ्या मुलाचं लग्न करायचं आहे. मुलगा इंजिनिअर आहे, स्वभावानं शांत आहे. पण हे तुम्ही कोणाले म्हणजे कोणालेच सांगू नका. समजलं ना?" आणि त्यांनी डोळा मिचकावला.

"चिंता सोडा, साहेब."

परतीच्या गाडीत सोनिकाने सकाळपासूनची सगळी हकीकत सांगितली. लखनलालांनी शरमून दोन्ही कानांना हात लावले. त्या दिवसापासून त्यांनी प्राचार्यांची गोष्ट पोटातच ठेवली. दुलारीबाईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, खोदून खोदून विचारलं, तरी चकार शब्द काढला नाही.

आता दर सोमवारी सोनिकाचा तास संपला की प्राचार्य कटरे तिला दारात गाठतात.

"सासरे बरे आहेत ना? गावात हिंडतात-फिरतात ना?"

"हो सर," सोनिका सांगते, "हिंडतात खूप. पण हल्ली कोणाशी बोलतच नाहीत."