काठोकाठ चहा

गुरुवारी कालीपा एजे चहाला येणार, या बातमीने तळघरातल्या मंडळींच्या तोंडचं पाणी पळालं. एजे म्हणजे किर्गिझमध्ये ताई, आणि या ताई इमारतीच्या कमिटीच्या अध्यक्षा. तळघरातली खोली मंडळींकडे ठेवायची, की तिसऱ्या मजल्यावरच्या रिस्बेकला बटाटे साठवायला द्यायची, हे त्याच ठरवणार होत्या.

मंडळी म्हणजे दर गुरुवारी संध्याकाळी तिथे जमणारी दहा-बारा मोठी माणसं. कुणाला ऑटिझम, कुणाला एडीएचडी, कुणाच्या वाट्याला दोन्ही. नोकरीत दिवसभर चारचौघांसारखं वागून दमलेली ही माणसं इथे येऊन आपापल्यासारखी वागायची. कुणी मोजे विणायचं, कुणी ट्रॉलीबसची छोटी मॉडेलं रंगवायचं, कुणी नुसतं भिंतीकडे बघत बसायचं. ट्यूबलाइट गुणगुणते म्हणून ती बंद आणि कोपऱ्यात एकच दिवा. बोलायची सक्ती नाही. रिस्बेकची तक्रार नेमकी हीच होती.

"अहो, बिश्केकमध्ये दहा माणसं एकत्र बसतात, आणि ना गाणं, ना दारू, ना भांडण!" तो जिन्यात भेटेल त्याला सांगायचा. "हा नक्की कुठला तरी पंथ आहे."

चहाचं काम एल्दियारकडे होतं. तो दिवसभर मोबाइल दुरुस्त करायचा, आणि आठवड्यातून माणसांत बसायचा तो एवढाच. खोली गेली की गुरुवार जाणार, आणि गुरुवार गेला की आपण पुन्हा एकटे जेवून एकटे झोपणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याला त्याची भीती वाटत होती.

मंडळ चालवणाऱ्या चिनाराने आठवडाभर त्याच्याकडून सराव करून घेतला. पाहुण्याचा प्याला अर्ध्याहून कमी भरायचा. संपला की पुन्हा थोडा, मग पुन्हा थोडा. काठोकाठ भरलेला प्याला म्हणजे 'प्या आणि निघा', हे किर्गिझ घरांत पोरासोरांनाही कळतं. मंडळात मात्र सगळे भरूनच घ्यायचे, कारण मग सारखं कुणी "आणखी देऊ?" विचारत नाही. सरावात एल्दियारकडून दर वेळी चहा सांडायला लागला, तेव्हा चिनाराचा जीव कळवळला.

"जाऊ दे रे, सगळं विसर," ती म्हणाली. "एजे आपल्यातल्याच आहेत असं समज."

एल्दियारला हे एकदम पटलं.

गुरुवारी कालीपा एजे आल्या. उंच, धिप्पाड बाई. लेकीने कझानहून पाठवलेले नवे उबदार बूट त्यांनी दाराशी काढले आणि दस्तरखानाशी, जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या चादरीशी, मानाच्या जागी बसल्या. तळलेल्या कणकेचे बोर्सोक होते, साय होती, जरदाळूचा मुरंबा होता. साखर संपलेली होती.

"मी आणतो! दोन मिनिटांत आलो!" मंडळींतला उलान म्हणाला. उलानची दोन मिनिटं सगळ्यांना माहीत होती, पण त्याला अडवेपर्यंत तो दाराबाहेर पोहोचलाही होता.

एल्दियारने प्याला काठोकाठ भरला आणि एक थेंब न सांडता दोन्ही हातांनी एजेंपुढे ठेवला. चिनाराने डोळे मिटून घेतले.

"असं होय?" कालीपा एजे प्याल्याकडे बघत म्हणाल्या. "समजलं मला. निघते मी."

"का?" एल्दियारने विचारलं. "तुम्ही चहा प्यायलाच नाहीत."

"अरे, तूच तर जा म्हणालास!"

"मी अजून काहीच बोललो नव्हतो."

एजे फणकाऱ्याने दाराशी गेल्या. त्यांच्या बुटांच्या जागी फाटके, ओले कॅनव्हासचे बूट होते. ते उलानचे. एजेंचे बूट साखर आणायला गेले होते.

तळघराची वाट अंगणातून, आणि अंगणात घोटाभर चिखलबर्फ. एजेंनी रिस्बेकला फोन लावला. "माझ्या घरून चपला घेऊन ये. हो, तळघरातच आहे. बूट यांच्यातलाच एक घेऊन गेला. अनवाणी जाऊ कशी?"

रिस्बेकने आधी इमारतीच्या ग्रुपवर लिहिलं, 'पंथवाल्यांनी एजेंना तळघरात अडकवलंय. बूट काढून घेतले.' मग तो चपला शोधायला गेला.

फरशी गार होती. विणणाऱ्या बाईने एक शब्द न बोलता एजेंपुढे लोकरीचे मोजे धरले. एजेंनी ते घातले आणि नाइलाजाने पुन्हा बसल्या. प्याल्यातलं भांडण प्याल्यातच मिटावं म्हणून एल्दियार हळूच म्हणाला, "आम्ही सगळ्यांना भरूनच देतो. मग कुणी सारखं विचारत नाही. बोलायचं नसलं तरी बसता येतं."

"बोलायचं नसलं तरी?"

"हो."

एजेंनी प्याला उचलला. कुणी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली नाही. धाकट्याचं लग्न कधी, हे विचारलं नाही. नळ गळतोय म्हणून कुणी गाऱ्हाणं घातलं नाही. घरी दोन सुना, पाच नातवंडं, टीव्ही आणि कमिटीचा फोन. तो फोन वाजायला लागला तसा एजेंनी बंद केला आणि ट्रॉलीबसला निळा रंग लागताना बघत बसल्या.

तेवढ्यात दारावर धाडधाड थापा पडल्या. एल्दियारने कानांवर हात दाबले आणि तो भिंतीकडे तोंड करून बसला. ते बघून कालीपा एजे उठल्या आणि त्यांनी दार किलकिलं केलं. बाहेर अर्धी इमारत जमली होती. पुढे रिस्बेक, एका हातात चपला, दुसऱ्या हातात तवा.

"एजे, घाबरू नका! बाहेर या!"

"हळू बोल!" एजे कुजबुजल्या. "आत माणसं बसलीत."

रिस्बेकने आत डोकावून पाहिलं. मंद दिवा, एजेंच्या पायांत परके मोजे, आणि चेहऱ्यावर इमारतीत कधी कुणी न पाहिलेली शांती. तो दोन पावलं मागे सरकला.

"गेल्या रे!" तो मागच्यांना म्हणाला. "एजेसुद्धा त्यांच्यात गेल्या!"

गर्दीतून वाट काढत उलान आला. काखेत दिव्याची भली मोठी हिरवी शेड, पायांत एजेंचे चिखलाने माखलेले बूट.

"साखर?" चिनाराने विचारलं.

"कसली साखर?" मग त्याने सगळ्यांच्या नजरेमागून आपल्या पायांकडे पाहिलं. "हे माझे नाहीत होय? तरीच म्हटलं, आज पाय एवढे गरम कसे!"

एजेंनी बूट पाहिले, एक लांब श्वास घेतला आणि दाराकडे वळल्या. "रिस्बेक, बटाटे तुझ्या बाल्कनीत ठेव. खोली यांच्याकडेच राहील. आणि तो तवा घरी ने."

दार लागलं. एल्दियारने कानांवरचे हात काढले. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, पण त्याबद्दलही कुणी काही विचारलं नाही.

पुढच्या गुरुवारी मंडळी जमली, तर कालीपा एजे आधीच भिंतीशी येऊन बसल्या होत्या. मानाची जागा रिकामी होती. एल्दियार किटली घेऊन त्यांच्यापुढे अडखळला.

"एजे, आज पाहुण्यांसारखा देऊ, की..."

"भर," एजे म्हणाल्या. "काठोकाठ."

बूट मात्र त्यांनी पिशवीत घालून मांडीवर घेतले होते.