खंड्याला कंटाळा येत नाही

आत्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे. मी सातेक वर्षांचा असेन. चुलतभावाची कागदी होडी माझ्या होडीच्या पुढे गेली, म्हणून मी ती काठीने बुडवली. आत्या दारातून म्हणाली, "बाळा, दुसऱ्याची होडी बुडवून आपली पुढे जात नसते रे. काठी तेवढी ओली होते."

त्या दिवसापासून मी मत्सर सोडला. अगदी मुळासकट. पन्नाशीला आलो, पण कोणाचं बरं झालेलं पाहून माझ्या पोटात कधी दुखलं नाही. दुखलं असेल तर ते अपचन होतं. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून तुमचा गैरसमज होईल.

आमचं चष्म्याचं दुकान आहे. पुढे काउंटर, बाजूला माझं काचा घासायचं यंत्र आणि मागे पडद्याआड डोळे तपासायची अंधारी खोली. बायको डोळे तपासते, मी काचा बसवतो. ती नंबर सांगते, मी तो नाकावर आणतो. बावीस वर्षं आमचा संसार असाच चालला आहे: ती आत, मी बाहेर, मध्ये पडदा.

दुपारी दोन ते चार दारावर 'बंद'ची पाटी असते, गिऱ्हाईक नसतं. त्या वेळात बायको हल्ली त्या अंधाऱ्या खोलीत हेडफोन लावून बसते आणि टॅबलेटवर मासेमारीचा एक ऑनलाइन खेळ खेळते. एक तळं असतं, एक नाव असते. नावेत दोघं लागतात: एक वल्हं मारतो, दुसरा गळ टाकतो. आठवड्याच्या शेवटी जोड्यांची यादी लागते. बायकोचं तिथलं नाव पाणकोंबडी. आणि तिच्या जोडीदाराचं नाव खंड्या.

हा खंड्या कोण, हे मी कधी विचारलं नाही. मला काय करायचंय? फक्त दिवसातून चार-पाच वेळा सहज विषय काढायचो.

"कोण आहे गं तो?"

"आहे एक."

"कुठला?"

"तळ्यातला."

"करतो काय?"

"गळ टाकतो." मग जरा थांबून म्हणायची, "चुकत नाही. उशिरा येत नाही. कंटाळत तर कधीच नाही."

आता यात माझ्याबद्दल एक अक्षर नव्हतं. तरी काचेवर बारीक चरा पडावा तसा माझ्या मनावर पडला.

आणि तिचं ते हसू! हसू कसलं, उन्हाळ्यात अचानक सुटलेलं पाटाचं पाणी. पडद्याआडून खळखळत यायचं, काउंटरखालून वाहायचं आणि माझ्या पायाशी येऊन थांबायचं. एकदा मी यंत्र बंद करून कान दिला. ती म्हणत होती, "अरे वेड्या, तिकडे नाही रे, इकडे ये, माझ्याकडे बघ."

अरे! बावीस वर्षं मी 'अहो' आहे. अहो, जेवायला चला. अहो, नळ गळतोय. मला एकदाही 'अरे' मिळालं नाही, 'वेड्या' तर लांबच. आणि हा कोण तळ्यातला पक्षी, तो तीन महिन्यांत 'अरे'वर आला!

हातातली काच मी त्या दिवशी इतकी घासली, की ती फ्रेमच्या आरपार खाली पडली.

आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर येतात. रोज येतात. चष्म्याची दांडी सैल झाली असं सांगतात. ती सैल नसते, त्यांना बोलायचं असतं. तेही तोच खेळ खेळतात, हे मला त्याच आठवड्यात कळलं. त्यांनी फोन दाखवला. तळ्यावर माशांच्या जागी पिवळे ठिपके चमकत होते.

"याला ओव्हरले म्हणतात," ते म्हणाले. "खेळ बनवणाऱ्यांचा नाही हा, बाहेरचा. खेळाच्या चित्रावर पारदर्शक थर बसतो. मासा कुठे आहे ते दिसतं."

"सर, ही लबाडी झाली," मी म्हणालो.

"का?"

"बाकीच्यांना दिसत नाही, तुम्हाला दिसतं."

त्यांनी चष्मा काढून माझ्यासमोर धरला. "हे काय आहे मग? माझ्या शेजाऱ्याला पाटी वाचता येत नाही, मला येते. तुम्ही बावीस वर्षं लोकांच्या डोळ्यांवर ओव्हरलेच बसवताय की."

"चष्म्याने जे आहे तेच दिसतं, सर. भिंतीपलीकडचं दिसत नाही."

"असता भिंतीपलीकडचं दाखवणारा चष्मा, तर पहिला तुम्हीच घातला असता." असं म्हणून त्यांनी पडद्याकडे पाहिलं. हेडमास्तर माणसं ओळखतात. "आणि मॅक्रो? ते माहीत आहे? दहा कळा दाबायचं काम संगणकाला एकदा शिकवून ठेवायचं. मग एक कळ दाबली, की तो तेच करत राहतो. तुमच्याऐवजी."

"छे! ती तर शुद्ध फसवणूक. आपण खेळायचंच नाही आणि जिंकायचं? माणसात काही तत्त्व असतं की नाही?"

हे मी पडद्यापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणालो. आतलं हसू मध्येच थांबलं. मला वाटलं, भिडलं.

दुसऱ्या दिवशी मी हेडमास्तरांकडून दोन्ही बसवून घेतले.

त्याचं असं झालं, की मी गुपचूप एक खातं उघडलं होतं. नाव घेतलं गरुड, वल्हं मारायला कोणीतरी अनोळखी जोडीदार मिळाला. बेत साधा होता: यादीत खंड्याच्या वर जायचं. मग पाणकोंबडी आपणहून विचारेल, हा गरुड कोण? मग मी पडदा बाजूला करून आत जाईन. काही बोलणार नाही, फक्त उभा राहीन. पण गरुडाच्या गळाला तीन दिवसांत एक बूट आणि एक बादली लागली. तत्त्व आपल्या जागी असतं, पण माणसाला पोटात किती दिवस दुखावं यालाही मर्यादा आहे.

दुकानातल्या संगणकावर हेडमास्तरांनी सगळं शिकवून ठेवलं. एंटर म्हणजे गळ टाकायचा, थांबायचं, पुन्हा एंटर म्हणजे ओढायचा. उजव्या कोपऱ्यातली कळ दाबली की चालू, पुन्हा दाबली की बंद. "दुसरं काही काम काढण्याआधी बंद करा हं," ते म्हणाले. मी मान डोलावली. मान डोलावण्यात माझा हातखंडा आहे.

ओव्हरलेवर दुसऱ्या खेळाडूंची माहितीही दिसायची. मी पहिल्यांदा खंड्याची पाहिली. हा माणूस गळ टाकून बरोबर चार सेकंदांनी ओढायचा. सोमवारी चार, गुरुवारी चार, वादळ आलं तरी चार.

"काय हात आहे," हेडमास्तर म्हणाले.

"हात कसला? दगड आहे. ज्याला धडधड नाही त्याला काळीज तरी असेल का?"

"तुम्हाला काही वेगळं वाटत नाही यात?"

"वाटतं ना. बिनलग्नाचा असणार."

शुक्रवारी गरुड सातवा होता, खंड्या सहावा. अडीच वाजता मी कळ दाबली आणि गरुड भराऱ्या मारू लागला. आतून हसू आलं. हसू दे, म्हटलं, अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. तेवढ्यात एक बाई पाटी न बघताच घाईघाईने आत आल्या. त्यांच्या चष्म्याची डावी काच तडकली होती, जाड भिंगाची. काच कारखान्यातून मागवावी लागणार होती. मी संगणकावर मागणीचा अर्ज उघडला, नंबर भरला, 'डावा डोळा' लिहिलं. मग तात्पुरती एखादी काच बसते का, ते पाहायला यंत्राशी गेलो. बसेना. घासली, पुन्हा पाहिली. बाई काच लावून वाट कशीबशी दिसेल एवढ्यावर समाधान मानून गेल्या, तोवर अर्धा तास झाला होता.

अर्ज पाठवायलाही एंटरच लागतो. एक अर्ज गेला की कारखान्याचा अर्ज तोच मजकूर भरून पुन्हा पुढे येतो, आमच्या सोयीसाठी. आणि माझं मॅक्रो इमानदार होतं. गळ टाका, ओढा. टाका, ओढा.

फोन वाजला. माझे हात ओले होते, मी स्पीकरवर घेतला.

"कारखान्यातून बोलतेय," एक बाई म्हणाल्या. "तुमच्याकडून दोनशे बारा काचांची मागणी आली आहे. सगळ्या एकाच नंबराच्या."

"असं कसं होईल?"

"आणि सगळ्या डाव्या डोळ्याच्या. तुमच्या भागातल्या लोकांना उजवा डोळा नसतो का? बरं, पुढे बोलेपर्यंत दोनशे तेरा झाल्या."

पडदा सरकला. हेडफोन गळ्यात अडकवून बायको दारात उभी होती. हेडमास्तरही नेमके त्याच वेळी आत आले, सैल नसलेली दांडी धरून.

"चार वाजता काचा कापायला घेतात," फोनमधल्या बाई सांगत होत्या. "नको असतील तर एकेक अर्ज उघडून रद्द करा. एकदम रद्द करायची सोय नाही."

मी संगणकाकडे धावलो. पडद्यावर गरुड आणि अर्ज एकमेकांवर बसले होते आणि दोन्ही चालू होते. मी उजव्या कोपऱ्यातल्या कळेऐवजी डाव्या कोपऱ्यातली दाबली. दोनशे चौदा.

"सरका," बायको म्हणाली.

तिने कळ दाबून मॅक्रो बंद केलं. मग स्टूल ओढून बसली. एक अर्ज रद्द केला, दुसरा केला, तिसऱ्याच्या वेळी मध्येच काहीतरी उघडून चार ओळी लिहिल्या आणि हात काढून घेतला. संगणक आपला आपण अर्ज रद्द करू लागला. दोनशे, एकशे नव्वद. एकच अर्ज तिने मागे ठेवला, त्या बाईंचा.

"हे तुला कसं येतं?"

ती उतरत्या आकड्यांकडे बघत होती.

"म्हणजे तूही मॅक्रो वापरतेस?"

"मी नाही. खंड्या."

"बघा सर!" मी हेडमास्तरांकडे वळलो. "म्हटलं नव्हतं? चार सेकंद! लबाड आहे तो. पहिल्या दिवसापासून ओळखलं होतं मी."

हेडमास्तरांनी चष्मा नाकावर चढवला. "मी उद्या येतो," असं म्हणून ते गेले. ते आपणहून गेले, असं या दुकानात पहिल्यांदाच घडलं.

बायको आत गेली आणि काहीतरी घेऊन आली. आमचा जुना टॅबलेट. कोपरा फुटलेला, मीच अडगळीत टाकलेला. त्यावर एक नाव डुलत होती आणि कोणी हात न लावता गळ पाण्यात पडत होता. चार सेकंद. वर.

"हा खंड्या," ती म्हणाली. "दुसरं खातं आहे, माझंच. त्या खेळाला दोघं लागतात."

मी टॅबलेटकडे पाहत राहिलो. तीन महिने मी ज्याचा गळा दाबायची स्वप्नं पाहत होतो, त्याला गळाच नव्हता.

"पण तू त्याच्याशी बोलायचीस."

"वाऱ्याने नाव फिरली की हा जमिनीवर गळ टाकतो. परवा झाडाला टाकला. मग ओरडावं लागतं."

"मला विचारायचंस."

"तीनदा विचारलं." तिचा आवाज चढला नाही, ते जास्त वाईट. "पहिल्यांदा तुम्ही यंत्र बंदच केलं नाही. दुसऱ्यांदा म्हणालात, रविवारी बघू. तिसऱ्यांदा म्हणालात, असल्या पोरखेळाला मला वेळ नाही. मग मी याला शिकवलं. परवा तुम्ही त्याला फसवणूक म्हणालात, तेही खरंच आहे. कळलं की काढून टाकतील मला. काढू देत."

तिने खंड्याचं मॅक्रो बंद केलं. पाण्यात पडणारा गळ थांबला. मग टॅबलेट माझ्यापुढे ठेवला.

चार वाजले होते. पाटी फिरवायची वेळ झाली होती. मी दाराची पाटी 'बंद'वरच ठेवली आणि पडद्याच्या आत गेलो. बावीस वर्षांत त्या खोलीत मी बसायला असा कधी गेलो नव्हतो. भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता, खाली आम्ही दोघं. तिने वल्हं घेतलं, मी गळ टाकला. तो पाणकोंबडीच्या टोपीत अडकला. दुसरा झाडात. तिसऱ्या खेपेला पुन्हा बूट आला, डाव्या पायाचा.

मी चोरून तिच्याकडे पाहिलं. ती गंभीरपणे वल्हं मारत होती.

"हसत का नाहीस?" मी शेवटी विचारलं. पोटात पुन्हा थोडं दुखलं. "खंड्याचा गळ झाडात गेला की किती हसायचीस."

नाव तळ्याच्या मधोमध आली, तेव्हा टॅबलेटवरची नजर न काढता ती म्हणाली,

"त्यात एवढं हसण्यासारखं काहीच नव्हतं हो. तुम्हाला बाहेर ऐकू जावं म्हणून हसत होते."