मिठाला जागणारी मंडळी

आमच्या मुलुंडच्या सोसायटीत दिगंबर परब राहायला आले, त्याच दिवशी त्यांनी आईच्या तुळशीतली चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि म्हणाले, "गोड आहे. काही उपयोगाची नाही." आई हातातला तांब्या धरून बघतच राहिली.

परब एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत कामाला होते. मातीतले जंतू हा त्यांचा विषय, पण जंतू म्हटलेलं त्यांना खपत नसे. "मंडळी म्हण रे! खाऱ्या मातीत राहतात, भाताच्या मुळाशी बसतात आणि त्याला वाढीचं औषध करून घालतात. तेही फुकट!" गोराईच्या खाडीतला चिखल ते पिशवीतून आणत. त्यातून वाढवलेली मंडळी काचेच्या बश्यांतून घरच्या फ्रीजमध्ये, कोथिंबिरीशेजारी नांदत. त्यांची बायको, आमच्या वहिनी, म्हणायच्या, "पाहुण्यांना पाणी देतानासुद्धा आधी वास घ्यावा लागतो मला." यावर परबांचं उत्तर ठरलेलं: "मिठाला जागणारी माणसं उरली नाहीत गं. ही मंडळी बघ!"

गॅलरीत तुपाचे दोन रिकामे डबे होते. दोन्हींत भाताची रोपं, दोन्हींना मिठाचं पाणी; मंडळी मात्र एकाच डब्यात. गणपतीला परब गावी गेले आणि पाणी घालायचं काम आईकडे आलं. आईला रोपांची दया आली. "खारट पाणी कोण पाजतं लेकरांना?" म्हणत तिने दोन्ही डब्यांना आठ दिवस नळाचं पाणी घातलं. दोन्हीकडचा भात झकास तरारला आणि प्रयोगाची पार वाट लागली.

मला वाटलं, परब आता बोंबा मारणार. ते डब्यांसमोर मटकन बसले. तेव्हा कळलं, बांध फुटून त्यांच्या गावच्या मळ्यात खाडीचं पाणी शिरलं होतं. काही पिकत नव्हतं, तरी म्हातारे वडील रोज तिथे जाऊन बसायचे. मुंबईला चला म्हटलं की विचारायचे, "मळ्यात कोण थांबतलो?"

"आता आणखी एक वर्ष काय सांगू त्यांना?" परब म्हणाले. आईला रडूच आलं. मलाही फार वाईट वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात आईनेच पाण्यात मोजून मीठ घातलं. एका डब्यातला भात करपला, मंडळींच्या डब्यातल्याला लोंब्या आल्या. परब गावी जाऊन वडिलांना घेऊन आले. आप्पा गॅलरीत गेले. लोंब्यांकडे त्यांनी बघितलंही नाही. डब्यातली चिमूटभर माती जिभेवर ठेवली आणि डोळे मिटले, थेट परबांसारखे.

"झिला," ते म्हणाले, "खारटच आसा रे."

"होय, आप्पा."

मग त्यांनी एक लोंबी हातात घेतली आणि सोडेचनात. एरवी अखंड बोलणारे परब फ्रीजमध्ये डोकं घालून कितीतरी वेळ मंडळी मोजत राहिले.