वाजवून घेणारे दळवी

दळवी कुठलीही वस्तू वाजवल्याशिवाय घेत नसत. नारळ आणि माठ सगळेच वाजवून घेतात. दळवी कंदील वाजवायचे. छत्री कानाशी धरून उघडमीट करायचे. कापडाच्या दुकानात काठ दोन्ही हातांनी धरून फट्‌कन झटकायचे. एकदा भाजीबाजारात त्यांनी कलिंगडाला टिचकी मारली, मग शेजारच्या पपईला, मग दुधीला, आणि दुधीवाली बघतच होती तेवढ्यात तिच्या वजनाच्या मापाला.

"आवाज घ्यावा आक्का," ते मला सांगायचे. "डोळ्याला फसवता येतं. कानाला नाही."

मी सिल्वासात कारखान्यातल्या पोरांना डबे करून द्यायची. बहुतेक आमच्या धुळे-जळगावकडचे, ज्वारीची भाकरी मिळाली की गप्प बसणारे. दळवी कोकणातले, सरकारी कचेरीत कारकून. त्यांची बायको सुमनबाई. मूलबाळ नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. त्यामुळे त्यांच्याकडचं सगळं मला कळायचं, आणि जे कळत नसे ते आळीला कळायचं.

दळवींची दुसरी खोड म्हणजे ते बायकोशी बोलताना उलटे चालायचे. बाजारात सुमनबाई सरळ चालताहेत आणि दळवी त्यांच्या पुढ्यात, तोंड त्यांच्याकडे करून, पाठीमागे पावलं टाकत बोलताहेत, असं रोज दिसायचं. त्यात कधी सायकल, कधी गाय, कधी कचेरीतला वरिष्ठ त्यांच्या पाठीवर आदळायचा. लोक म्हणायचे, बायको एवढी धाकात ठेवणारा माणूस बघितला नाही, तिला तोंड फिरवू देत नाही.

सुमनबाईंचंही नाव चांगलं नव्हतं. हाक मारली तर ओ द्यायच्या नाहीत. दार वाजवलं तर मर्जी असेल तेव्हा उघडायच्या. एका दुपारी दळवी स्वतःच्याच दाराबाहेर घामाघूम उभे होते, कडी आपटत. आत सुमनबाई तांदूळ निवडत बसलेल्या. मी खिडकीतून बघितलं, त्यांनी मान वर केली नाही. माझ्या परसातून त्यांच्या मागच्या दाराने जाऊन मीच सुमनबाईंसमोर उभी राहिले तेव्हा उठल्या. दळवीला बायकोने उन्हात ठेवला, हे संध्याकाळपर्यंत पार पलीकडच्या खेरडी गावाला पोचलं असेल. दळवी हसून म्हणाले, "आमचं भांडण झालं होतं." भांडण झालं असतं तर भिंतीतून मला ऐकू आलं असतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी दळवींना बदलीचा हुकूम आला. दीवला. सोमवारी पहाटे निघायचं. तिथे राहायला घर मिळेपर्यंत सुमनबाई इथेच राहणार. दीव काही जवळ नाही, शनिवारी येऊन रविवारी परत जावं असं ते गाव नव्हे. आता माणूस काय करेल? ट्रंक भरेल, रेशन भरून ठेवेल. दळवींनी जाहीर केलं की जाण्याआधी दाराला घंटी बसवायची, आणि ती वापीलाच मिळेल.

"आक्का, तुम्ही चला. हिला सोबत होईल," ते म्हणाले. मलाही मोठं पातेलं हवं होतं. मी गेले.

वापीतलं पहिलं दुकान विजेच्या सामानाचं. दळवींनी सुमनबाईंना उंबऱ्याबाहेर उभं केलं, रस्त्याकडे तोंड करून. "तू पिशव्या सांभाळ." मग आत येऊन घंट्या वाजवायला लागले. किर्र वाजणारी, टिंगटाँग करणारी, पाखरासारखी चिवचिवणारी. वाजवताना ते घंटीकडे बघत नसत, दाराकडे बघत. प्रत्येक वेळी मान हलवायचे. "नाही चालत."

दुकानदार गुजराती. आधी गोड बोलत होता. मग म्हणाला, "काका, घंटडी लेवी छे के खाली वगाडवी छे?" घ्यायची आहे की नुसती वाजवायची, असा त्याचा सवाल.

"आवाज कमी आहे," दळवी म्हणाले.

"कमी? अरे, आखुं वापी सांभळे छे." सगळी वापी ऐकतेय म्हणे.

दुसऱ्या दुकानात तेच, तिसऱ्यात तेच. चौथ्या दुकानदाराने आम्हाला बघूनच शटर अर्धं खाली ओढलं. माझं डोकं उठलं होतं. सुमनबाई मात्र रस्त्याकडे बघत शांत उभ्या. मला वाटलं, काय थंड डोक्याची बाई आहे, नवरा एवढा गोंधळ घालतोय आणि वळूनसुद्धा बघत नाही.

शेवटी दळवींनी घंटीऐवजी दाराला टांगायला गजराचं घड्याळ घेतलं. वर दोन पितळी वाट्या आणि मधे हातोडी. दुकानात सुमनबाई जवळच उभ्या होत्या, घड्याळ फळीवर थरथरत होतं, आणि त्यांनी त्याच्याकडे बघितलं. दळवी एवढे खूश झाले की त्यांनी दीवसाठी एक टॉर्चही घेऊन टाकली. तीही वाजवून.

परतीच्या बसमध्ये माझ्या मांडीवर पातेलं, दळवींच्या मांडीवर पिशवी, खिडकीशी सुमनबाई शेंगा सोलत. आमचा तो रस्ता विचित्र आहे. सिल्वासात दारू चालते, गुजरातेत बंदी, आणि वापीहून येताना गुजरात लागतो, मग आमचं दादरा, मग पुन्हा गुजरात, मग सिल्वासा. दादरा सोडलं आणि तपासणीला बस थांबवली. हवालदार चढला. त्याने पिशव्या चाचपत चाचपत दळवींच्या पिशवीत हात घातला आणि त्याच क्षणी गजर झाला.

हवालदाराने पिशवी फेकली. मी दचकले, तर पातेलं मांडीवरून सुटून बसच्या पुढच्या टोकापर्यंत घरंगळत गेलं. एक म्हातारा सीटखाली शिरला. घड्याळ खाली पडूनही वाजत होतं. हवालदार ओरडत होता, "बंद करो, बंद करो," आणि दळवी त्याच्याकडे, घड्याळाकडे, कशाकडेच बघत नव्हते. ते बायकोकडे बघत होते. सुमनबाई बाहेर बघत शेंग फोडत होत्या.

गजर थांबला तेव्हा घड्याळाची काच फुटलेली होती. "दुरुस्त होईल," मी म्हटलं.

"नाही चालत हे," दळवी म्हणाले. त्यांचा चेहरा असा पडला होता की मला वाटलं आता हे बसमध्येच रडतात.

रविवारी सकाळी भिंतीपलीकडून सुमनबाईंचा आवाज. त्या बोलायच्या तेव्हा मोठ्यानेच बोलायच्या. "उद्या पहाटे जायचं, ट्रंक रिकामी पडलीय, आणि तुम्हाला घंटा पाहिजे. मला नको घंटा. दाराला कडी आहे."

"कडीचा आवाज मला आवडत नाही."

"तुम्ही तर दीवला असणार. तुम्हाला काय करायचाय कडीचा आवाज?"

थोड्या वेळाने दळवी माझ्या दारात आले. पातेल्याला आदल्या दिवशी पोचा आला होता, झाकण बसत नव्हतं, मला ते बदलायचंच होतं. पुन्हा तिघं वापीला.

रविवार असल्याने निम्मी दुकानं बंद. उघडी होती त्यांनी दळवींना ओळखलं. दळवी उलटे चालत बायकोची समजूत काढत होते, "एवढं एकच दुकान," आणि बर्फाच्या हातगाडीवर जाऊन बसले. खरोखर बसले, धोतर असतं तर सुटलं असतं, पँट होती म्हणून नुसती भिजली. सुमनबाई हसल्या नाहीत. त्यांनी तोंड फिरवलं आणि दळवींशी बोलणं बंद केलं. तोंड फिरवलं म्हटल्यावर दळवींचंही बोलणं संपलं.

एका शेवटच्या दुकानासाठी ते धावले तेवढ्यात बस गेली. ऊन उतरायला लागलेलं, माझे रात्रीचे डबे व्हायचे, त्यांची ट्रंक भरायची. रिक्षा केली. ती दादरा ओलांडून थोडी पुढे आली आणि फट्‌फट्‌ करून बंद पडली. रिक्षावाला उत्तरेकडचा, पान खाल्लेला. त्याने सीट उचलली आणि आत डोकं घातलं.

सुमनबाई रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर जाऊन बसल्या, आमच्याकडे पाठ करून. दळवी रिक्षाला टेकून उभे. हातात घंटी नाही, पहाटे गाडी. मी त्यांना बोलणारच होते की बाबा, एवढा जीव घंटीत का अडकलाय, तेवढ्यात मागून शेळ्यांचा कळप आला. रिक्षात शिरायला लागला. रिक्षावाल्याने त्रासून बाहेरच्या भोंग्याचा काळा रबरी फुगा दाबला.

पों.

सुमनबाईंनी पाय वर घेतले आणि वळून बघितलं.

दळवी ताठ झाले. सुमनबाईंची पाठ पुन्हा आमच्याकडे होईपर्यंत ते हलले नाहीत. मग रिक्षावाल्याला म्हणाले, "फिर से दाबो."

"बकरी तो गई, काका."

"दाबो."

पों. सुमनबाई पुन्हा वळल्या. "काय सारखं वाजवताय? शेळ्या केव्हाच गेल्या."

तेव्हा मला कळलं. दोन दिवसांच्या सगळ्या घंट्या डोक्यात एकदम वाजल्या. मी दळवींना विचारलं, "कधीपासून?"

"हळू बोला," ते म्हणाले. मग त्यांचं त्यांनाच उमगलं की हळू बोलायची गरज नाही, आणि तरीही हळूच म्हणाले, "दोन वर्षं झाली. बारीक आवाज पहिले गेले. माझे ओठ बघून चालवते. मला कळलंय हे तिला ठाऊक नाही. तिला वाटतं लपलंय. लपलेलं असू दे, आक्का."

"डॉक्टर?"

"नाव काढलं की दोन दिवस जेवत नाही. उद्यापासून दारात कोण येईल, कोण जाईल, ही आत एकटी. मी तिथे काय झोपणार?"

 

दळवींनी भोंगा मागितला. रिक्षावाला हसला. "भोंपू बेच दूँगा तो गाडी कैसे चलाऊँगा?" दळवींनी कालपासून पिशवीतच राहिलेली दीवची नवी टॉर्च त्याच्यापुढे धरली.

"टॉर्च से हॉर्न बजेगा क्या?"

"उजेड रहेगा तो बजाना नहीं पडेगा," दळवी म्हणाले.

रिक्षावाल्याने टॉर्च घेतली, दोनदा लावून बघितली. दळवींनी टॉर्चसारखाच भोंगाही वाजवून घेतला. रिक्षा सुरू झाली आणि सिल्वासापर्यंत तो बिचारा मान बाहेर काढून "हटो, हटो" ओरडत आला. सुमनबाई कपाळाला हात लावून बसल्या. "माझ्या दाराला रिक्षाचा भोंगा. लोक काय म्हणतील?"

"मला आवाज आवडला," दळवी त्यांच्याकडे वळून म्हणाले.

घरी आल्यावर आधी भोंगा, मग ट्रंक. चौकटीला भोक पाडलं. फुगा बाहेर, पितळी तोंड आत. आळी गोळा झाली, हसली, घरी गेली. सुमनबाई आत चुलीपाशी भाकरी थापत होत्या, दाराकडे पाठ. दळवी मला म्हणाले, "तुम्ही दाबा. मला धीर होत नाही."

मी दाबला.

"आले, आले," आतून आवाज आला, आणि सुमनबाई पिठाचे हात घेऊन दारात. "आक्का, तुम्ही होय? मला वाटलं कोण रिक्षा घेऊन आलं."

दळवी पायरीवर बसले आणि चपलेचा अंगठा निरखत राहिले. बराच वेळ.

पहाटे ते गेले. जाताना मला म्हणाले, "डबे द्यायला निघाल तेव्हा रोज एकदा दाबत जा." मी दाबत गेले. सुमनबाई दर वेळी आल्या. ओ देत नाही ही बाई, असं मग कुणी म्हटलं नाही. ऐकू येतं का हे मी त्यांना कधी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. मी त्यांच्यासमोर उभी राहून बोलायला शिकले, एवढंच.

दिवाळीला दळवी रजेवर आले. मी ओट्यावर डाळ निवडत होते. त्यांचं दार सताड उघडं. सुमनबाई आतल्या खोलीत पाठमोऱ्या, फराळाच्या डब्यांशी. दळवी उंबऱ्यावर आले, ट्रंक खाली ठेवली. आत जायचं सोडून त्यांनी बाहेर हात घातला आणि भोंगा दाबला.

सुमनबाई वळल्या. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "दार उघडंच आहे की."

"हो," दळवी म्हणाले. "आवाज घेतला."