पांढऱ्या गाडीतली आत्या

सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी गाडी रत्नागिरीच्या मांडवीतून सुटली. म्हणजे वेळापत्रकापेक्षा दहा मिनिटं उशिरा, आणि त्याला कारण गंगूआत्या. गाडीत बसून, पट्टा लावून झाल्यावर त्यांना आठवलं की गॅस बंद केलाय की नाही ते पाहिलंच नाही. गॅस बंद होता. परत येऊन बसल्यावर त्यांना मागच्या दाराची कडी आठवली. तीही लावलेली होती.

"आता अजून काही आठवायचं असेल तर इथेच आठव," परशुराम आगाशे म्हणाले. "गाडी सुटली की सुटली."

आगाशे चौतीस वर्षं एस.टी.त वाहतूक नियंत्रक होते. रत्नागिरी स्थानकातून त्यांनी किती गाड्या सोडल्या याची गणती नाही. निवृत्त झाल्यावर सोडायला काही उरलं नाही, म्हणून त्यांनी स्वतःची पांढरी गाडी घेतली आणि आठ दिवसांच्या सहलीचं वेळापत्रक आखलं. किनाऱ्याकिनाऱ्याने हेदवी, गुहागर, दापोली, मुरूड-जंजिरा, मग रायगड, पुणे, सातारा, कोल्हापूर आणि आंबा घाटाने परत. 'हेदवी, आगमन ९.१०, प्रस्थान ९.२५' अशा नोंदी करून त्यांनी तो कागद गाडीत समोरच चिकटवला होता. त्यांच्या पत्नी हेमाताई आणि शहात्तर वर्षांच्या आत्या, दोघींनीही तो पाठ करावा अशी त्यांची अपेक्षा होती. आत्यांनी खरंच केला होता.

आरे-वारेचा चढ संपून समोर निळा समुद्र उघडला तेव्हा आत्यांनी लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. लगेच त्यांनी बहिणीला फोन लावला, मग वहिनीला, मग शेजारच्या मृणालीला. प्रत्येकीला समुद्र कसा दिसतोय ते सविस्तर सांगितलं. आगाशे ताशी चाळीसच्या वर जात नसत, पण चाळीसलाही त्यांना शांतता लागे. त्यांनी आत्यांचा फोन हेमाताईंच्या पर्समध्ये ठेवायला लावला.

गणपतीपुळ्याला दर्शन झालं. आत्या म्हणाल्या, "परशा, जरा पाय बुडवून येते."

"वेळ संपली, आत्या. समुद्र पुढेही आहे. चांगला दोनशे किलोमीटर आहे."

"तिथेही तू हेच म्हणशील."

"तिथलं तिथे बघू."

"बरं. मग मी आता दाभोळपर्यंत तोंड उघडणार नाही," असं म्हणून आत्यांनी पंचा कानावरून गुंडाळून घेतला आणि मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा काळा चष्मा डोळ्यांवर चढवला. त्यानंतर मागच्या सीटवरून खरोखरच आवाज आला नाही. आगाशेंना बरंच वाटलं.

जयगडला फेरीबोट वेळेवर मिळाली. गाडी आत लावून तिघं वर मोकळ्या हवेत गेली. पलीकडे तवसाळ जवळ आलं तशी सगळ्यांची एकदम घाई उडाली. गाड्या सुरू झाल्या, हॉर्न वाजले, आणि आगाशेंनी आरशात पाहिलं तर मागच्या सीटवर बॅगांच्या ढिगाला टेकून, डोक्यावरून पदर ओढून आत्या बसल्या होत्या. मान खाली. अजून रागावलेल्या.

"झोपल्या वाटतं," हेमाताई हळूच म्हणाल्या.

"झोपू दे. वेळ वाचतो."

हेदवीच्या अलीकडे रस्त्यात एक खड्डा आला. गाडी उसळली आणि मागून आवाज आला, "दीपक, मेल्या, सावकाश हाक की रं!"

आगाशेंनी करकचून ब्रेक दाबला. हेमाताईंनी मागे वळून पाहिलं आणि किंकाळी फोडली. मागच्या बाईंनी हेमाताईंकडे पाहिलं आणि त्याहून मोठी फोडली.

"अगो बाय! तुमी कोन? माजा दीपक कुटं हाय?"

"तुम्ही कोण? आमच्या आत्या कुठे आहेत?"

पाच मिनिटांनी उलगडा झाला. बाईंचं नाव काशी. गाव संगमेश्वराकडचं. मुलगा दीपक मुंबईहून नवी गाडी घेऊन आला होता आणि बायको सानवीला आणि आईला हर्णैपर्यंत फिरवायला निघाला होता. गाडी लागू नये म्हणून काशीबाईंनी बोटीतच गोळी घेतली होती. "दीपकनं सांगितलान, खाली जाऊन पांढऱ्या गाडीत बस. मी बसलंय. गोळीनं कवा डोळा लागला, कळलाच न्हाय."

"मग आत्या तुमच्या गाडीत बसल्या असतील!" हेमाताई म्हणाल्या. "मावशी, दीपकचा नंबर सांगा."

"नंबर माज्या फोनात हाय."

"फोन कुठे आहे?"

"दीपकच्या गाडीत."

"काही हरकत नाही," हेमाताई म्हणाल्या. "आत्यांना माझा नंबर पाठ आहे. ह्यांचाही पाठ आहे. त्या कुणाच्या तरी फोनवरून आत्ता करतीलच."

तिघंही हेमाताईंच्या फोनकडे बघत बसली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. फोन वाजला नाही.

आता मात्र हेमाताईंचा चेहरा उतरला. "अहो, काही झालं तर नसेल ना? त्यांची दुपारची रक्तदाबाची गोळीसुद्धा माझ्या पर्समध्ये आहे."

आगाशेंनी विचार केला. बोटीतून पहिली गाडी आपली निघाली, तेव्हा दुसरी मागेच असणार. त्यांनी गाडी वळवली आणि परत तवसाळचा धक्का गाठला. चौतीस वर्षांत त्यांनी एकही गाडी अर्ध्या वाटेतून मागे बोलावली नव्हती.

धक्क्यावर तिकिटं फाडणारा माणूस निवांत उभा होता.

"एक पांढरी गाडी बघितलीत का?"

"साहेब, सगळ्या पांढऱ्याच असतात."

"मागे एक म्हातारी होती. काळा चष्मा."

"हां, ती होय! ती तर मघाशीच गेली, वरच्या रस्त्याने. खिडकीतून हात बाहेर काढून ड्रायव्हरला रस्ता दाखवत होती. म्हणत होती, नऊ दहाला हेदवीत पोचलं पाहिजे."

"जिवंत आहे!" आगाशे ओरडले आणि गाडीत शिरले.

हेदवीला बामणघळीपाशी भरतीचं पाणी खडकाच्या चिरेत घुसून उंच उडत होतं. बघणारे लांब उभे होते. कोकम सरबत विकणाऱ्या बाईने मान डोलावली. "आली होती ना. बरोबरच्या पोरीचा हात धरून पार पुढे गेली. नखशिखांत भिजली. मग दोन पेले सरबत प्यायली आणि मला म्हणाली, जिरं कमी पडलंय."

"आत्याच," आगाशे आणि हेमाताई एकदम म्हणाले.

"घाबरलेली होती का हो?" हेमाताईंनी विचारलं.

"ती? पाणी उडलं की हीच आधी ओरडायची, अजून एकदा, अजून एकदा!"

"तिला मोतीबिंदूचं..." आगाशेंनी वाक्य अर्धंच सोडलं. त्यांनी गाडी काढली.

काशीबाईंना एव्हाना पुष्कळ धीर आला होता. त्यांनी काच खाली केली होती आणि रस्त्यात दिसेल त्याला विचारत होत्या. गुरं घेऊन चाललेल्या म्हाताऱ्याला, विहिरीवरच्या बायकांना, शाळेतून बाहेर आलेल्या मास्तरांना. "ओ गुरुजी, पांढरी गाडी बघितलाव काय?" मध्येच त्या समाधानाने म्हणाल्या, "भाऊ, तुमी लय झ्याक हाकताव हां. एकदम बैलगाडीवानी. पोटातलं पानी हालत न्हाय."

आगाशेंनी हे आयुष्यात मिळालेलं सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र मानलं असतं. पण वेळणेश्वरला नारळवाल्याने सांगितलं की ती मंडळी दहा मिनिटांपूर्वीच गेली, आणि आजी जाताना वाळूच्या पुळणीवरून अनवाणी पळत गाडीत बसली.

"दहा मिनिटं," आगाशे पुटपुटले. "दहा मिनिटांचा उशीर भरून काढता येतो."

त्यांनी गिअर बदलला. काटा चाळीसवरून पन्नासवर गेला, पन्नासवरून साठवर. एका बाजूला काजूच्या बागा मागे पळत होत्या, दुसऱ्या बाजूला समुद्र झाडांच्या फटीतून चमकत होता. खिडकीतून वारा घुसला आणि समोरचं वेळापत्रक उडून बाहेर गेलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही. पुढे गुहागरची एस.टी. चालली होती. आगाशेंनी जन्मात एस.टी.ला मागे टाकलं नव्हतं. त्यांना तो अपमान वाटे, एस.टी.चाही आणि आपलाही. आज वळण संपताच त्यांनी हॉर्न दिला, ओठ घट्ट मिटले आणि बसच्या अंगावरून गाडी पुढे काढली.

"अहो!" हेमाताईंचे डोळे लकाकले. लग्नाला पस्तीस वर्षं झाली होती आणि हा माणूस त्यांना आज पहिल्यांदा दिसत होता. "अहो, तो पुढचा टेम्पोपण!"

आगाशेंनी टेम्पोही टाकला.

"आरं द्येवा," मागून काशीबाई म्हणाल्या आणि दोन्ही हातांनी पुढची सीट धरली. "तुमीपन दीपकच झालाव की!"

गुहागरला सुरूच्या बनापाशी एक पांढरी गाडी उभी होती. तिच्याजवळ एक तरुण इकडून तिकडे येरझाऱ्या घालत होता. काशीबाई गाडी थांबायच्या आत दार उघडू लागल्या. "दीपक!"

"आये!" दीपक धावत आला. आईला त्याने घट्ट मिठी मारली, मग रागावला, मग पुन्हा मिठी मारली. "कुटं गेलीव गो? जीव खालीवर झाला आमचा!"

"अहो, आमच्या आत्या?" हेमाताईंनी विचारलं.

दीपकने संकोचून किनाऱ्याकडे बोट दाखवलं. वाळूवरून चार चाकांची मोठी मोटारसायकल धडधडत येत होती. पुढे सानवी होती. तिच्या कमरेला धरून, काळा चष्मा लावून, पंचा झेंड्यासारखा उडवत गंगूआत्या बसल्या होत्या आणि तोंडाने काहीतरी मोठ्याने गात होत्या.

"मी नको म्हणत होतो, काका," दीपक म्हणाला. "आजी बोटीतून उतरतानाच आम्हाला दिसल्या. मी लगेच धक्क्यावरच गाडी थांबवली. तर आजी म्हणाल्या, माझा भाचा घड्याळासारखा आहे, तो नऊ दहाला हेदवीला सापडेल. तिथे तुम्ही नाही. मग म्हणाल्या, वेळणेश्वरला नक्की. तिथेही नाही. म्हणाल्या, गुहागरला तर येणारच. फोन नंबर विचारला तर म्हणाल्या, काहीच आठवत नाही रे बाळा."

आत्या खाली उतरल्या. साडी गुडघ्यापर्यंत ओली, केसांत वाळू. आगाशेंनी तवसाळपासून एक भाषण तयार केलं होतं. त्यात जबाबदारी, वय, रक्तदाब आणि डोळ्यांचे डॉक्टर यांचा उल्लेख होता. ते पुढे झाले.

"आत्या, तुला माझा नंबर आठवला नाही?"

"आठवला नाही कसा? पाठ आहे." आत्यांनी त्यांचा नंबर धडाधड म्हणून दाखवला. मागोमाग हेमाताईंचा म्हटला. मग गॅसवाल्याचा सुरू केला.

"मग फोन का नाही केलास?"

"तू लगेच आला असतास म्हणून."

आगाशेंचं तयार भाषण कुठल्या कुठे गेलं. हेमाताईंनी तोंडाला पदर लावला. आत्या थोड्या नरमल्या, जवळ आल्या आणि त्यांच्या शर्टावरची धूळ झटकली. "चुकून बसले रे, खरंच. दोन्ही गाड्या सारख्याच. पण पहिल्याच वळणाला या पोराने मला विचारलंन, आजी, कुठे थांबूया? मला इतकं बरं वाटलं, की नंबर गिळून टाकला. तुम्ही घाबरलात, ते मात्र चुकलंच माझं." मग त्या काशीबाईंकडे वळल्या. "आणि तुमचंही, बाई. तुमचा मुलगा सारखा आई आई करत होता हो."

"मला काय झाला न्हाय," काशीबाई म्हणाल्या. "मी मजेत व्हते."

हेमाताईंनी आत्यांना गोळी दिली, सगळी मिळून खाणावळीत जेवली. बाकीच्यांनी सुरमई आणि सोलकढी घेतली, आगाशे आणि आत्यांनी बटाट्याची भाजी. जेवताना दीपकने आगाशेंना मुंबईत या मग असं आग्रहाने सांगितलं. हात धुऊन आगाशे गाडीपाशी आले आणि दार उघडून चालकाच्या जागेवर बसले. त्यांनी आरशात पाहिलं. मागे काशीबाई बसल्या होत्या. या वेळी जाग्या.

"मावशी, तुमची गाडी ती."

"म्हायतीय. पन माजी सून म्हनाली, दापोलीपर्यंत आत्याबाई आमच्याकडं ऱ्हावदेत. आनि मला त्या गाडीत वकारी येतात. तुमी निघा. फकस्त सकाळच्यावानी चालवा, मघासारकी नको."

"हेमा!" आगाशेंनी हाक मारली. "बघ बरं हे काय..."

हेमाताईंनी दीपकच्या गाडीच्या मागच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "अहो, मी आत्यांबरोबर बसते हं थोडा वेळ. त्यांना एकटं कशाला सोडायचं!"

गाडीत दीपक, सानवी आणि आत्या होत्या.

दाभोळच्या फेरीसाठी धोपाव्याच्या धक्क्यापर्यंत ती पांढरी गाडी पुढे पळत राहिली आणि आगाशे चाळीसने मागून येत राहिले. पाय दोनदा शिवशिवला. दोन्ही वेळा मागून "भाऊ!" असा आवाज आला. धक्क्यावर पोचले तेव्हा फेरीबोट भरली होती. शेवटची गाडी आत घेऊन त्यांच्या डोळ्यांदेखत लोखंडी झडप वर उचलली गेली. बोटीवरच्या माणसाने हाताने खूण केली, पुढच्या फेरीला.

चौतीस वर्षं ज्यांनी दुसऱ्यांच्या गाड्या सोडल्या, त्यांची गाडी सुटली होती.

बोट हळूहळू मागे सरकली आणि दाभोळकडे वळली. वरच्या कठड्याशी तीन बायका उभ्या होत्या आणि जोरजोरात हात हलवत होत्या. मधली हेमाताई. त्यांनी तोंडाभोवती हात धरून हाक घातली, "अहो! आम्ही पलीकडे थांबणार नाही हं! दापोलीला भेटू!"

"जाऊंदे त्यास्नी," काशीबाई खाली उतरल्या. टपरीवरून त्यांनी दोन चहा सांगितले आणि एक ग्लास आगाशेंच्या हातात ठेवला. "घ्या, भाऊ. गरम हाय."

आगाशे धक्क्याच्या कडेला टेकले. सवयीने त्यांची नजर मनगटावर गेली, पण उन्हात घड्याळाची काच चमकत होती आणि काटे काही दिसेनात. खाडीचं पाणी पायाशी येऊन लागत होतं. त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या, चहाचा घोट घेतला आणि बोटीकडे पाहून हात हलवला. तेवढ्याने समाधान होईना, तेव्हा खिशातून रुमाल काढून तोही हलवला.