चोवीस तासांत गोदामात

"माझ्या मैदानावर यापुढे एका मुलाच्याही गुडघ्याला खरचटणार नाही!" सभापतींनी भर सभेत टेबलावर मूठ आपटली. ती नेमकी टाचणीवर पडली आणि पहिली मलमपट्टी त्यांच्याच हाताला झाली. शहाण्या माणसाला एवढा इशारा पुरला असता. पण हे पडले नगरपालिकेच्या क्रीडा व सुरक्षा समितीचे सभापती! शहाणपणाशी त्यांचं जुनं वाकडं.

नियम त्यांनी स्वतःच लिहिला. मैदानावर ज्याच्यामुळे अपघात होईल, ते चोवीस तासांत उचलून गोदामात जमा करायचं. मग महिन्याअखेरीस वरच्या कार्यालयातून तपासणी आणि 'सुरक्षित मैदान' हे प्रशस्तिपत्र. ते टांगायला सभापतींनी दिवाणखान्यात खिळासुद्धा ठोकून ठेवला होता.

नियम राबवायला मैदानाचा रखवालदार होता. स्वतःच्या बायकोलाही नोंदवहीत सही केल्याशिवाय तो फाटकातून आत सोडत नसे. त्याच्या हाती नियम पडला आणि मैदानाचे दिवस भरले.

घसरगुंडीवर एकाचा गुडघा सोलला. घसरगुंडी गोदामात! झोपाळ्याची फळी एकीच्या कपाळाला लागली. झोपाळा गोदामात! व्हॉलीबॉलच्या जाळीत कुणाचं तरी बोट अडकलं, जाळी गेली. एक आजोबा डुलकी लागून बाकावरून खाली आले, तर रखवालदार हातगाडी घेऊन हजर!

"अरे, बाकाचा काय दोष? मला झोप लागली!" आजोबा ओरडले.

"झोप गाडीवर चढत नाही, आजोबा. उठा, बाक न्यायचाय."

घसरगुंडी उपटली तिथे कमरेएवढा खड्डा राहिला. त्याच्याभोवती तारेचं कुंपण घातलं. तारेने कुणाचा तरी सदरा फाटला. कुंपण गोदामात, खड्डा पुन्हा मोकळा!

"साहेब, खड्डा कसा उचलू?" रखवालदाराने खरोखरच विचारलं.

"उचलतोस कसला! हिरवं जाजम टाक त्याच्यावर. दिसला नाही म्हणजे नाही!"

असली अक्कल विकत मिळत नाही, ती जन्मतःच असावी लागते.

मग पळता पळता दोन मुली एकमेकींवर आदळल्या आणि सभापतींनी फाटकावर पाटी लावली: 'मैदानात पळण्यास सक्त मनाई'. आता मात्र त्यांच्या घरातच ठिणगी पडली. त्यांची भाची शाळेच्या रिले संघाची कप्तान, आणि जिल्ह्याच्या संघाची निवड रविवारी.

"मामा, आम्ही चौघी वर्षभर घाम गाळतोय! शेवटच्या आठवड्यात पळायचं कुठे? रस्त्यावर ट्रक अंगावर येतात!"

"मग भरभर चालायचा सराव कर."

"मामा, ती शर्यत आहे!"

"अगदीच भरभर चाल."

भाचीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिची आई, म्हणजे सभापतींची थोरली बहीण, भडकलीच. "लहानपणी आठवड्यातून दोनदा झाडावरून पडायचास! तेव्हा बाबांनी झाड गोदामात नेलं होतं का रे?"

"ताई, तुला प्रशासन कळत नाही," असं म्हणून सभापती आरशासमोर भाषण पाठ करायला गेले.

शुक्रवारी तपासणी अधिकारी बाई आल्या. मैदान कसं, तर दाढी केलेल्या हनुवटीसारखं गुळगुळीत! त्यावर ना झोपाळा, ना बाक, ना मूल. फाटकाबाहेर भाची आणि तिच्या तिघी मैत्रिणी गजांना धरून उभ्या होत्या.

"मुलं कुठे आहेत?" बाईंनी विचारलं.

"मुलं नाहीत म्हणून तर अपघात नाहीत!" सभापती छाती फुगवून म्हणाले. "या ना, एक फोटो होऊन जाऊ दे!"

"साहेब, थोडं मागे... अजून थोडं..." फोटोग्राफर म्हणाला.

सभापती मागे सरकले. बाईंनाही अदबीने बरोबर घेतलं. हिरव्या जाजमावर पाय पडला मात्र, जाजमासकट दोघंही खड्ड्यात गडप!

रखवालदार नोंदवही घेऊन धावला. "अपघात एक. कारण काय लिहू?"

"खड्डा लिही, मूर्खा!" सभापती पाय धरून विव्हळत होते.

"खड्डा कसा लिहू, साहेब? दिसला नाही म्हणजे नाही, असं तुम्हीच म्हणालात!"

बाईंनी तोंडातली माती थुंकली आणि सभापतींकडे बोट दाखवलं. "कारण हे! हेच लिहा! आणि उचला यांना इथून!"

रखवालदाराने सावकाश, वळणदार अक्षरात लिहिलं, 'कारण: सभापती'. मग हातगाडी आणली. "तसे चोवीस तास आहेत, साहेब. पण उगाच उशीर कशाला?"

पाय सुजून भोपळा झालेला, तक्रार करायची कुणाकडे? सभापती गाडीवर चढले. बाईंनी फाटकावरची पाटी उपटून त्यांच्या मांडीवर टाकली आणि फाटक सताड उघडलं. गाडी कोपऱ्यावर पोचेपर्यंत चौघी जणी मैदानाला दुसरी फेरी मारत होत्या. भाचीने धावता धावता हात हलवला. "मामा, सांभाळून जा!"

गोदामात भांडारपालाने मान वर न करताच पावती फाडली. "सभापती, नग एक. अवस्था, नादुरुस्त. हे परत न्यायचंय का?"

"छे हो!" रखवालदार म्हणाला. "बाईंनी फक्त घसरगुंडी, झोपाळा, जाळी आणि बाक परत मागितलेत."